अंधार छापणारा माणूस

टोकियोतल्या शिम्बाशी स्टेशनाबाहेर रात्रीचा पाऊस लागलाय. छत्र्यांखाली माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या, हातातल्या कंदिलांचा उजेड ओल्या जमिनीवर सांडलेला, मागे स्टेशनाच्या उजळलेल्या खिडक्या. कोबायाशी कियोचिकाचं हे चित्र १८८१ सालचं, लाकडी ठशांनी छापलेलं.

त्याच्या आधीच्या उकियो-ए, म्हणजे जपानी ठशांच्या, चित्रांत रात्र असे, पण काळोख नसे. वर काळसर पट्टा, एखादा चंद्र, कुणाच्या हाती कंदील, की झाली रात्र. चेहरे आणि किमोनोवरची नक्षी भर दुपारसारखी स्वच्छ. हिरोशिगे या चित्रकारानं १८५६ मध्ये नाटकगृहांच्या रस्त्यावर चांदण्यातल्या सावल्या दाखवल्या, पण तो अपवाद.

१८६८ मध्ये शोगुन या लष्करी राज्यकर्त्यांची सत्ता गेली, एदोचं टोकियो झालं. १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा आगगाडी धावली, १८७४ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात गॅसचे दिवे लागले. बहुतेक चित्रकारांनी हे सगळं परदेशातून आलेल्या भडक रासायनिक लाल-जांभळ्यात रंगवलं. इंजिन, विटांच्या इमारती, विलायती कोट, सगळंच ओरडून बोलणारं. मला ती चित्रं पाहताना लग्नाचा मांडव आठवतो.

कियोचिका १८४७ चा. घराणं शोगुनांच्या पदरी असलेलं, साधंच. सत्ता गेल्यावर तो धन्यामागोमाग शिझुओकाला गेला आणि काही वर्षांनी परतला, तेव्हा जन्मगावाचं नावही उरलं नव्हतं. १८७६ पासून पाच वर्षांत त्यानं टोकियोची ९३ चित्रं केली. त्यांना ‘कोसेन्गा’, म्हणजे प्रकाशकिरणांची चित्रं, असं नाव पडलं.

नाव चित्रकाराचं झालं, पण काम चौघांचं. पैसा प्रकाशकाचा, रेखाटन चित्रकाराचं, रानचेरीच्या फळीवर कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. यंत्र नाही. ठशावर रंग लावायचा, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद कोपऱ्यातल्या खाचेला नेमका टेकवायचा आणि बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या ‘बारेन’नं पाठीमागून घासायचा. दर रंगाला सहसा नवा ठसा. कियोचिकानं काळी बाह्यरेषा बरीचशी पुसट केली, कुठे काढूनच टाकली, आणि भार येऊन पडला छापणाऱ्याच्या मनगटावर. ओल्या ठशावर रंग विरत न्यायचा, ही ‘बोकाशी’ जुनीच युक्ती. पूर्वी ती आभाळाची कड रंगवायला पुरे. आता दिव्याचा उजेड अंधारात कुठे मुरतो, ते तिनं दाखवायचं होतं.

हा डोळस साक्षीदारही थोडी लबाडी करीच. १८७९ च्या ताकानावाच्या चित्रात ढगाळ चंद्राखालून आगगाडी जाते. शिम्बाशी-योकोहामा मार्गावरची इंजिनं इंग्लंडहून आलेली. चित्रातलं मात्र अमेरिकी घाटाचं आहे, बहुधा एखाद्या अमेरिकी शिळाछाप चित्रावरून उचललेलं.

जानेवारी १८८१ मध्ये टोकियोच्या र्योगोकू भागात मोठी आग लागली. कियोचिका तिची रेखाटनं करत राहिला आणि त्याचं स्वतःचं घर त्याच आगीत गेलं. त्या वर्षानंतर ही मालिका थांबली. तो व्यंगचित्रांकडे वळला. त्याचा शिष्य इनोउए यासुजी तीच वाट चालला, पण १८८९ मध्ये पंचविशीतच गेला.

ठशांच्या धंद्याला पुन्हा तेजी आली ती १८९४-९५ च्या चीनशी झालेल्या युद्धात. विजयाची तीन-तीन कागद जोडलेली चित्रं हातोहात खपत. दहा वर्षांनी रशियाशी लढाई झाली, तेव्हा लोक छायाचित्रांकडे वळले होते. त्या पहिल्या युद्धात कियोचिकानंही चित्रं केली. १८९४ च्या एका चित्रात प्योंगयांगवरचा रात्रीचा हल्ला आहे: काळोख तसाच हळुवार विरवलेला, आणि त्याला चिरत जाणारा लष्कराच्या विजेच्या दिव्याचा झोत.