उंच ट्रक, बुटका जॅक

अमेरिकेत पिकअप ट्रक खूप दिसतात. पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा. काही हौशी मालक हा ट्रक मुद्दाम आणखी उंच करून घेतात. आस आणि सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालतात किंवा लांब स्प्रिंगा बसवतात, टायरही मोठे लावतात. खडकाळ वाटेवर गाडीचं पोट घासत नाही, शिवाय ऐट मिरवता येते. अशा गाडीला तिथे ‘लिफ्टेड ट्रक’ म्हणतात.

टायर पंक्चर झाला की मात्र पंचाईत होते. गाडीबरोबर मिळालेला जॅक सांगाड्यापर्यंत पोचतच नाही. मग जॅकखाली विटा-ठोकळ्यांचा मनोरा रचला जातो. दोन-अडीच टनांच्या गाडीचा एक कोपरा या मनोऱ्यावर तोलायचा आणि शेजारी बसून चाक काढायचं! जॅक निसटला तर हातपाय चिरडतात, कधी जीवही जातो. हे टाळण्यासाठी लागणारं विज्ञान शाळेच्या पुस्तकातलंच आहे. ते जरा नीट पाहू या.

नेमकं उंच काय झालं?

समजा, मूळ टायरचा व्यास ७९ सें.मी. होता आणि आता ८९ सें.मी. आहे. स्प्रिंगांमुळे सांगाडा आणखी १५ सें.मी. वर गेला आहे. मग सांगाडा एकूण किती वर गेला? ५ अधिक १५, म्हणजे २० सें.मी. आणि आस? फक्त ५ सें.मी.! कारण आसाची उंची टायरच्या त्रिज्येवर ठरते, स्प्रिंगेशी तिचा संबंध नाही. मुलांना हे गणित आकृती काढून जरूर करायला द्यावं.

आता जॅक सांगाड्याखाली लावला तर काय होईल? सांगाडा वर जाऊ लागला की दाबलेली स्प्रिंग आधी सैल होत जाईल, चाक मात्र जमिनीवरच राहील. स्प्रिंग पूर्ण सैल झाल्यावरच चाक उचललं जाईल. आसाखाली, पंक्चर झालेल्या चाकाच्या जवळ जॅक लावला तर चाक लगेच उचललं जातं. म्हणजे मनोऱ्याची गरज बहुतेक वेळा जागा चुकल्यामुळे पडते. पुढच्या चाकांना अनेक गाड्यांत अखंड आस नसतो. तिथे गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावायचा.

जॅक उलथतो कसा?

जॅकच्या तळाची रुंदी १२ सें.मी. आहे असं धरू. डोक्यावरच्या भाराची उभी रेषा तळाच्या मध्यापासून ६ सें.मी.पेक्षा जास्त सरकली की जॅक उलथणार. उंची ४० सें.मी. असेल तर त्यासाठी जॅक सुमारे साडेआठ अंश कलावा लागतो. तेवढ्याच रुंदीचा ८० सें.मी. उंच मनोरा असेल तर सव्वाचार अंश पुरतात. उंची दुप्पट, तर सुरक्षित कल निम्मा. शिवाय मनोऱ्यातला प्रत्येक सांधा घसरण्याची एक नवी जागा असते. काड्यापेटी आधी आडवी आणि मग उभी ठेवून फळी हळूहळू तिरपी केली, तर वर्गातही हा फरक दिसेल.

खालची जमीनही पाहायला हवी. एका चाकावर ६०० कि.ग्रॅ. भार आहे असं धरलं, तर जॅकच्या १२ × १२ सें.मी. तळाखाली दर चौरस सें.मी.ला सुमारे ४ कि.ग्रॅ. दाब पडतो. भिजलेल्या मातीत जॅक रुतणार, आणि एका बाजूला जास्त रुतला तर कलणार. त्याच्याखाली ३० × ३० सें.मी.ची जाड, मजबूत फळी ठेवली तर दाब एक षष्ठांशाच्या आसपास येतो. फळी रुंद आणि एकच हवी. ती दाब कमी करण्यासाठी आहे, उंची वाढवण्यासाठी नव्हे.

गिअर असूनही गाडी सरकते

गाडी गिअरमध्ये, किंवा स्वयंचलित गिअर असेल तर ‘पार्क’मध्ये ठेवली की ती हलणार नाही असं आपण गृहीत धरतो. पण हे कुलूप चाकांना नसतं, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला असतं. शाफ्ट आणि दोन चाकं यांच्यामध्ये डिफरन्शियल असतो. हा प्रकार फूटपट्टीने समजावता येईल. पट्टी मध्यावर बोटाने घट्ट दाबून धरा. एक टोक पुढे ढकललं की दुसरं मागे जातं. शाफ्ट अडकलेला असला तरी एक चाक पुढे आणि दुसरं उलट दिशेला फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना हे घडत नाही. पण एक चाक अधांतरी झालं की ते उलटं फिरायला मोकळं होतं, आणि जमिनीवरचं चाक गाडीला घेऊन चालू लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा तर हातब्रेकही चाकांवर नसून अशा शाफ्टवरच होता.

म्हणून हातब्रेक ओढायचाच, पण त्याच्या जोडीला तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी पाचर लावायची. गाडी सपाट, घट्ट जमिनीवर घ्यायची आणि सगळ्यांना खाली उतरवायचं.

आधी ढिलं, मग वर

मोठ्या पिकअपचे नट सुमारे २०० न्यूटन-मीटर घूर्णबलाने आवळलेले असतात. ४० सें.मी. लांब पान्याच्या टोकाला ते सोडवायला ५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ५० कि.ग्रॅ. वजनाएवढा जोर लागतो. जॅकवर टेकलेल्या गाडीला असा हिसका देणं म्हणजे संकटाला बोलावणंच. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करावेत. स्टेपनी बसवल्यावर ते हाताने लावून गाडी खाली घ्यावी आणि मग समोरासमोरचे नट आळीपाळीने पूर्ण आवळावेत.

चाक काढण्यापूर्वी स्टेपनी सांगाड्याखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी आधी तिच्यावर टेकेल. तरीही शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये. खाली शिरून काम करायचं असेल तर मजबूत स्टँड हवेतच.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला जीप, टेंपो जॅकवर चढवलेले मुलं नेहमी पाहतात. पुढच्या वेळी त्यांना चार प्रश्न विचारायला सांगू या: जॅक कुठे लावला आहे? त्याच्याखाली काय आहे? उरलेली चाकं कशाने अडवली आहेत? आणि कुणी गाडीखाली तर नाही ना? जॅकमुळे थोड्या जोरात मोठा भार उचलता येतो, पण तो भार जागेवर राहील की नाही हे या चार उत्तरांवरच ठरतं.