जमीन पारखण्याचें शिक्षण

शेतकी हा विषय घेऊन माध्यमिक शाळेंत शिकणारा एक मुलगा गेल्या उन्हाळ्यांत आपल्या वडिलांबरोबर आमच्याकडे आला होता. मातीची धूप थांबविण्याचे उपाय कोणते, असें आम्हीं सहज विचारतांच समपातळी बांध, पट्टापेर, आच्छादन, झाडांची लागवड अशीं नांवें त्यानें एका दमांत सांगितलीं. मग आम्हीं विचारलें, "तुमच्या माळाकडच्या तुकड्यांत माती किती खोल आहे?" मुलगा गप्प बसला. वडील म्हणाले, "वीतभर असेल, खालीं मुरूमच लागतो. आमच्या आजोबांच्या वेळीं हातभर होती म्हणतात." औषध मुलास ठाऊक, रोग बापास ठाऊक, आणि दोघांची गांठ मात्र शाळेनें घालून दिलेली नाहीं, असा हा प्रकार झाला. बापाकडून मुलाकडे सातबारा जसाच्या तसा येतो, जमीन तशी येत नाहीं, ही गोष्ट त्या मुलास कोणी दाखविलीच नव्हती.

माती, पाणी, कुरण व झाडझाडोरा या निसर्गदत्त संपत्तीचा सांभाळ कसा करावा, हा भाग शेतकीच्या पाठ्यपुस्तकांत असतो. तो शिकवावयाचा कसा, ही खरी अडचण आहे. खताचा किंवा बियाण्याचा गुण एका हंगामांत डोळ्यांना दिसतो. जमिनीची झीज इतकी सावकाश होते कीं, ती पाहण्यास एका माणसाचें आयुष्य पुरत नाहीं. जी गोष्ट दिसत नाहीं ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास पटवावयाची, तर व्याख्यानानें भागत नाहीं. अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यानें ह्या अडचणींतून जी वाट काढली, तिची हकीकत आमच्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

अमेरिकेंत माध्यमिक शाळांतून शेतकी शिकविण्यास मध्यवर्ती सरकारचा पैसा १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें मिळूं लागला. त्या कायद्यांत एक मोठी शहाणपणाची अट होती. विद्यार्थ्यानें वर्षांतून निदान सहा महिने, शाळेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या शेतावर, देखरेखीखालीं प्रत्यक्ष काम केलेंच पाहिजे, अशी ती अट होय. पुढें १९२८ सालीं ह्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटनाही कॅन्सस सिटी येथें स्थापन झाली. शिक्षणाचा रोख मुख्यतः उत्पन्न वाढविण्यावर होता, आणि त्यांत गैर कांहीं नव्हतें. परंतु त्याच काळांत तिकडच्या मोठ्या मैदानांवरील पिढ्यान् पिढ्यांचें गवत मोडून गहूं पेरला जात होता. पहिल्या महायुद्धांत गव्हाचे भाव चढले, मागोमाग ट्रॅक्टर आले, आणि जी जमीन कुरणासच योग्य होती तीही नांगराखालीं गेली. १९३० नंतर अवर्षणाचीं वर्षें लागतांच ती उघडी माती वाऱ्यानें उचलली. १४ एप्रिल १९३५ रोजीं धुळीचा असा लोट आला कीं, भर दिवसा अंधार पडला. तो दिवस 'काळा रविवार' ह्या नांवानें अद्याप ओळखला जातो. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मृद्संधारणाचा कायदा मंजूर झाला व ह्यू बेनेट यांच्या हाताखालीं त्याकरितां स्वतंत्र खातें काम करूं लागलें. ज्यांची माती उडून गेली ते शेतकरी आळशी नव्हते. उलट, त्यांचा उद्योगच त्यांस भोंवला. भावाचा मोह तर होताच, पण कोणती जमीन नांगर सोसते आणि कोणती सोसत नाहीं, ह्याची पारख त्यांतील पुष्कळांस नव्हती, असें आमचें मत आहे.

ओक्लाहोमांतील शाळकरी मुलें जनावरें पारखण्याच्या स्पर्धांत पूर्वींपासून भाग घेत. चार जनावरें पुढें उभीं करावयाचीं, मुलांनीं त्यांचा क्रम लावावयाचा आणि आपलीं कारणें सांगावयाचीं, असा तो प्रकार असतो. १९४१ च्या सुमारास हीच रीत तेथें जमिनीस लावण्यांत आली. बाजारांत बैल घेतांना आपणही त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, त्यास चालवून पाहतों. लाखों रुपयांची जमीन घेतांना मात्र बांधावरून एक नजर टाकून सौदा पुरा करणारे शहाणे आम्हीं पाहिले आहेत. जमिनीचे दांत पाहावयाचे तर खड्डा खणावा लागतो.

ह्या स्पर्धेचें सारें मर्म त्या खड्ड्यांत आहे. राष्ट्रीय स्पर्धा १९५२ पासून ओक्लाहोमा सिटी येथें भरत आली आहे. जागा कोणती हें त्या दिवसाच्या सकाळपर्यंत गुप्त ठेवतात, म्हणजे कोणी आधीं जाऊन माती चाचपून येऊं नये. शेतांत निरनिराळ्या चार ठिकाणीं खड्डे तयार असतात, आणि मुलाच्या हातीं एक छापील पत्रिका देतात. खड्ड्याजवळ थोडी माहिती लिहून ठेविलेली असते; उदाहरणार्थ, मूळची वरची माती किती इंच जाड होती, तपासणींत कोणतीं अन्नद्रव्यें कमी निघालीं. बाकीचें सारें मुलानें आपल्या डोळ्यांनीं व बोटांनीं ठरवावयाचें.

प्रथम तो वरची चिमूटभर माती पाण्यानें भिजवून मळतो आणि आंगठा व बोट यांमध्यें दाबून तिची पट्टी काढतो. पट्टी इंचभर होण्याच्या आंतच तुटली तर माती पोयट्याची. एक ते दोन इंच टिकली तर चिकणपोयटा. त्याहून लांब निघाली तर चिकण. वाळूचा कण बोटांस खरखरीत लागतो, गाळाचा कण पिठासारखा गुळगुळीत लागतो. मग खोली. मुळ्या जेथपर्यंत सुखानें जातात तेथपर्यंतच माती मोजावयाची. चाळीस इंचांपेक्षां अधिक असल्यास खोल, वीस ते चाळीस मध्यम, दहा ते वीस उथळ, त्याखालीं अत्यंत उथळ. त्यानंतर शंभर फुटांवर रोंवलेल्या दोन खुंट्यांकडे पाहून उतार किती तें नजरेनेंच सांगावयाचें. उपकरणास मनाई असते. शंभर फुटांत तीन फूट उतरली तर तीन टक्के, हा हिशेब सोपा आहे. नजर बसण्यास मात्र महिनोन् महिने लागतात. खालच्या थरांतून पाणी किती लवकर उतरतें हें ढेंकळांच्या घडणीवरून व रंगावरून ओळखतात. तांबूस रंग असला तर हवा खेळते. करडे डाग दिसले तर तेथें पाणी साचून राहत असतें.

धूप किती झाली, हा प्रश्न आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, मूळची माती आठ इंच होती असें फळीवर लिहिलें आहे, आणि खड्ड्यांत ती पांचच इंच भरली. म्हणजे आठांतील तीन हिस्से गेले. चवथाईपर्यंत गेली तर धूप अल्प, चवथाईपासून तीन चवथाईंपर्यंत गेली तर मध्यम, त्यापुढें तीव्र, अशी वांटणी असल्यामुळें मुलगा 'मध्यम' ह्या शब्दावर खूण करतो. पण शिक्षक चांगला असेल तर तो येथें थांबत नाहीं. एका एकरावरील एक इंच माती वजनानें सुमारें १४० टन भरते. तीन इंच म्हणजे ४२० टन. बैलगाडींत अर्धा टन माती मावते असें धरलें, तर एका एकरांतून ८४० गाड्या माती वाहून गेली, आणि ती कोणी भरली नाहीं, कोणी हांकली नाहीं, कोणास दिसलीही नाहीं. 'मध्यम' ह्या शब्दाचा अर्थ हा आहे, हें मुलानें आपल्या वहींत स्वतः आंकडे मांडून काढलें म्हणजे तें त्याच्या मनांतून जात नाहीं.

एवढें झाल्यावर जमिनीची प्रत ठरवावयाची असते. प्रती आठ मानल्या आहेत. पहिल्या चारांत नांगर चालवावा, परंतु उत्तरोत्तर अधिक जपून. पुढच्या चार गवत, झाडें व रानटी जनावरें यांस सोडाव्या. प्रत ठरली म्हणजे मगच उपाय लिहावयाचे: कोणती फेरपालट, बांध कोठें, खत काय. हा क्रम आम्हांस फार पसंत आहे. आपल्याकडे आधीं उपायांची यादी पाठ होते आणि जमिनीची ओळख मागाहून होते, किंवा होतच नाहीं. मृद्तज्ज्ञांनीं ठरविलेल्या उत्तरांशीं मुलांचीं उत्तरें ताडून गुण देतात. आपलें उत्तर कां चुकलें हें मुलास त्याच खड्ड्यांत उतरून दाखविलें, तर गुणांपेक्षां त्या चुकीचाच लाभ त्यास अधिक होतो.

ह्या पद्धतींत दोष नाहीं असें नाहीं. जेथें बक्षीस आलें तेथें घोकंपट्टी आलीच. स्पर्धा जिंकण्यापुरती माती ओळखणारे व घरीं जाऊन उतारावर उभी नांगरट करणारेही निघत असतील. शिवाय एका दिवसांत जमीन पाहतां येते, सांभाळतां येत नाहीं. सांभाळ करण्यास वर्षें लागतात, आणि त्यासाठीं घरच्या शेतावरील देखरेखीच्या कामाची ती जुनी अट आहे. दोहोंपैकीं एकच घेतल्यास शिक्षण लंगडें पडेल.

आपल्याकडे हा विचार परका नाहीं. सोलापूर येथें १९३३ पासून कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें, आणि कानिटकर व त्यांचे सहकारी यांनीं पावसाबरोबर किती पाणी व किती माती शेताबाहेर जाते तें मोजण्याचें काम केलें. मुंबई सरकारनें १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा केला, व पुढें दख्खनच्या जिल्ह्यांत समपातळी बांधांचीं कामें त्याच आधारानें झालीं. त्याच्याही पूर्वीं आपले वाडवडील भारी, मध्यम, हलकी, बरड, चोपण, मळई अशीं नांवें देतच होते, आणि त्यांतील प्रत्येक नांव म्हणजे एक निकाल होता. पाबळच्या विज्ञान आश्रमानें १९८३ पासून डॉ. कलबाग यांच्या दृष्टीनें, काम करतां करतां शिकण्याची पद्धत ग्रामीण विद्यालयांपर्यंत नेली आहे, व शेती-पशुपालन हें तिचें एक अंग आहे. म्हणजे पाया आहे. उणीव आहे ती खड्ड्याची.

कोणी म्हणेल, आतां मृदा आरोग्य पत्रिका मिळते, मग खड्डा कशास? २०१५ पासून मिळूं लागलेल्या ह्या पत्रिकेचा उपयोग आम्ही मान्य करतों. आम्लविम्लता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह हीं तिनें कळतात. परंतु तिचा नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो. बागायतींत अडीच हेक्टरांस व जिरायतींत दहा हेक्टरांस एक नमुना, असें प्रमाण आरंभीं ठेविलें होतें. तेव्हां तो नमुना शेजाऱ्याच्या शेतांतला असण्याचाही संभव होता. माती किती खोल आहे, उतार किती आहे, किती वाहून गेली, खालीं चुनखडीचा थर कोठें लागतो, ह्यांतलें कांहींही त्या कागदावरून कळत नाहीं.

अमेरिकेंतली पत्रिका जशीच्या तशी उचलूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. आपल्या काळ्या मातीची पट्टी बहुधा लांबच निघते, त्यामुळें पोतावरून फारसा भेद कळत नाहीं. येथें खोली व निचरा यांस अधिक गुण ठेवावे लागतील. चार हात खोल, सपाट काळी जमीन दिसण्यांत पहिल्या प्रतीची वाटते. तिला पाटाचें पाणी बेसुमार मिळालें आणि निचरा नसला, तर कांहीं वर्षांत ती चोपण होते. ऊस लावूं पाहणाऱ्या घरच्या मुलास हें खड्ड्यांतच समजावें, पीक पिवळें पडल्यावर नव्हे.

आमच्या सभासदांपैकीं ज्यांचे मुलगे शेतकी शिकत आहेत, त्यांनीं गांवच्या शाळेस रब्बीचीं पिकें निघाल्यावर आपलें एखादें शेत एका दिवसापुरतें द्यावें. खड्डे तीन पुरेत: एक माथ्यावर, एक मधल्या उतारावर, एक पायथ्याशीं. प्रत्येक खड्डा तीन-साडेतीन फुटांपेक्षां खोल करूं नये, कारण भेगाळलेल्या काळ्या मातीच्या भिंती ढासळतात. ज्या भिंतीवर ऊन पडतें ती खुरप्यानें साफ तासावी, म्हणजे थर स्पष्ट दिसतात. चुना आहे कीं नाहीं हें पाहण्यास खड्यावर लिंबू पिळावें. बारीक फेंस आला तर आहे. बांधाखालच्या न नांगरलेल्या मातीचें एक सुकें ढेंकूळ व शेतांतलें एक, अशीं दोन ढेंकळें पाण्याच्या पेल्यांत सोडावीं. शेतांतलें पुष्कळदां आधीं विरघळतें, आणि त्याचें कारण मुलेंच विचारतात. परीक्षक दोन असावे, एक कृषि खात्याचा मनुष्य व एक गांवचा जाणता शेतकरी. दोघांचें जमलें नाहीं तर वाद मुलांसमोरच होऊं द्यावा.

खणतांना वरची माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस वेगळी ठेवावी. बुजवितांना आधीं मुरूम, मग खालचा थर आणि शेवटीं वरची माती टाकावी, आणि हें काम मुलांकडूनच करवून घ्यावें.