खांद्याचं ऑपरेशन ठरलं, आता जिमचं काय?

दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा म्हणजे रोटेटर कफ. चाळिशीकडे जाताना या कंडरा झिजू लागतात. वर्षानुवर्षं बेंच प्रेस आणि डिप्स मारणाऱ्याला ते उशिरा कळतं, कारण दुखणं अंगावर काढणं ही त्याची सवयच असते. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, हात वर नेताना जोर लागेना, की तपासून घ्यावं. एमआरआयमध्ये फाट दिसली म्हणून लगेच ऑपरेशन, असं नाही. अर्धवट फाटीला बहुधा आधी काही महिने फिजिओथेरपी देतात.

दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन त्या मानानं सोपं, नंतरचे महिने अवघड. साधारण ४ ते ६ आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात. कळमनुरी किंवा वसमतहून हिंगोलीला मोटारसायकलनं ये-जा करणाऱ्यानं तेवढ्यापुरता गाडी चालवणारा शोधावा. हलकी वजनं सुमारे ३ महिन्यांनी, पूर्ण ताकद ६ महिने ते वर्षभरात. कातडीवरची जखम लवकर भरते. कंडरा हाडाला धरायला वेळ घेते. मधुमेह आणि तंबाखूमुळे तो आणखी लांबतो. चालणं मात्र लवकर सुरू करता येतं.

सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो तेहतिशीला टेकला होता. सप्टेंबरात क्वालालंपूरला त्यानं वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १४१ धावा केल्या. अर्थात, त्याच्या दिमतीला फिजिओ होते! आपण नांदेडला ऑपरेशन करणार असू, तर फिजिओथेरपी हिंगोलीत कुठे मिळेल हे तारीख घेण्याआधीच विचारावं.