मातृतीर्थाचा उत्सव आणि चौकटीबाहेरचं सिंदखेडराजा

बुलढाणा जिल्ह्याला यात्रा-जत्रांचं अप्रूप नाही. होळीच्या सुमारास सैलानी बाबांच्या दर्ग्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. शेगावला बारा महिने रीघ असते. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळची घटमांडणी यंदा पाऊसपाण्याचं काय सांगते, याकडे वऱ्हाडातला शेतकरी कान लावून बसतो. या सगळ्यांत सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव वेगळा पडतो. इथे कुणी नवस फेडायला येत नाही, की हंगामाचं भाकीत ऐकायला येत नाही. १२ जानेवारीला इथे येणारा माणूस इतिहासाच्या ओढीने येतो, आणि परतताना त्याच्या पिशवीत बहुधा पुस्तकं असतात.

तालुक्याचं हे गाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. इथून बुलढाणा लांब आणि जालना जवळ. एरवी बाजारहाट, तहसील, एसटीचा थांबा अशा बेताच्या रहदारीचं गाव. ११ जानेवारीच्या संध्याकाळपासून मात्र ते ओळखू येत नाही. लखुजीराजे जाधवांच्या राजवाड्यावर दिव्यांची आरास होते, मशाली निघतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र, सगळीकडच्या गाड्या रात्रभर येत राहतात. पहाटे जन्मस्थळी जिजाऊंचं पूजन होतं. त्याचा मान जाधव घराण्याच्या वंशजांना आणि मराठा सेवा संघाच्या कार्यकर्त्या दांपत्यांना असतो. जिजाऊ वंदना होते. मग गर्दी राजवाड्याकडून गावाबाहेरच्या जिजाऊ सृष्टी या स्मारक-परिसराकडे वळते आणि दिवसभर व्यासपीठावर पोवाडे, व्याख्यानं, सत्कार, पुरस्कार सुरू राहतात. दोन अनोळखी माणसं समोरासमोर आली तरी ‘जय जिजाऊ’ म्हटलं की ओळख झाली.

राजवाड्याचं महाद्वार पाहायचं तर या गर्दीत मान वर करायला फुरसत काढावी लागते. दगड आणि विटांचं हे उंच प्रवेशद्वार थेट गावाच्या वर्दळीकडे तोंड करून उभं आहे. आत शिरल्यावर वाड्याचा मोठा भाग पडझडीत गेल्याचं कळतं. जोती, भिंती आणि तळघरं यांवरून मूळ पसाऱ्याचा अंदाज बांधावा लागतो. लखुजीराजे आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला तो महाल इथलाच. बखरींच्या परंपरेत सांगितला जाणारा रंगपंचमीचा प्रसंगही इथल्याच रंगमहालातला. लहानग्या शहाजी-जिजाऊंनी एकमेकांवर रंग उडवला, लखुजीराजे ‘जोडा शोभतो’ अशा अर्थाचं थट्टेत बोलले आणि शहाजींचे वडील मालोजीराजे यांनी भर सभेत तो शब्द पकडून ठेवला, अशी ती कथा. इतिहासकार तिला किती मानतात हा प्रश्न वेगळा. सिंदखेडकरांसाठी ती घरातल्या लग्नाची गोष्ट आहे.

या उत्सवाचं खरं वैशिष्ट्य पुस्तकांच्या बाजारात दिसतं. इतर यात्रांत जिथे खेळणी, बांगड्या आणि रेवड्यांची पालं लागतात, तिथे ओळीने पुस्तकांचे गाळे असतात. शिवचरित्रं, फुले-शाहू-आंबेडकरांचं साहित्य, तुकारामांवरची विवेचनं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या पातळ पुस्तिका. नोकरदार, शिक्षक, कॉलेजातली मुलं, डोक्याला फेटा बांधलेल्या बाया आणि धोतर-टोपीतले शेतकरी एकाच गाळ्यापुढे उभे राहून पानं चाळताना दिसतात. ज्या वाचकापर्यंत पुण्या-मुंबईचं पुस्तकाचं दुकान कधी पोचलं नाही, त्याच्यासाठी वर्षाची खरेदी इथे होते.

ही पुस्तकं इथे का आली, याचं उत्तर उत्सव कुणी मांडला यात आहे. जिजाऊंचा जन्म चार शतकांमागचा, पण आजच्या स्वरूपातला जन्मोत्सव नव्वदच्या दशकातला. १९९० मध्ये पुरुषोत्तम खेडेकर यांनी अकोल्यात मराठा सेवा संघाची स्थापना केली. खेडेकर सार्वजनिक बांधकाम खात्यातले अभियंते. संघाचा पाया घातला तो त्यांच्यासारख्याच शिकून सरकारी नोकरीत लागलेल्या, शेतकरी घरांतून आलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीने. पुढे महिलांसाठी जिजाऊ ब्रिगेड आणि तरुणांसाठी संभाजी ब्रिगेड आली. शिक्षणाने घराचं नशीब बदललेल्या या माणसांनी उत्सव मांडला, तेव्हा त्यात ग्रंथ आणि व्याख्यान मध्यभागी आलं. तारखेतही हा फरक दिसतो. परंपरेने जिजाऊंची जन्मतिथी पौष पौर्णिमा, आणि ती तिथी पाळणारेही आहेत. पण सेवा संघाने धरली ती १२ जानेवारी. पंचांग उघडावं लागत नाही, रजेचा अर्ज आधी टाकता येतो, गाडी वेळेत ठरवता येते.

भूतकाळाचा उत्सव असा ठरवून मांडणं ही काही फक्त आपल्याकडची रीत नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सांता बार्बरा नावाचं शहर आहे. १७८२ मध्ये स्पेनने तिथे लष्करी ठाणं वसवलं आणि साधारण चाळीस वर्षांत स्पेनचा अंमल संपलाही. नंतर मेक्सिको, मग अमेरिका. तरी ते शहर १९२४ पासून दर ऑगस्टमध्ये ‘ओल्ड स्पॅनिश डेज’ हा उन्हाळी उत्सव थाटाने करतं. मिरवणुका, घोडेस्वार, झालरींचे घागरे, गिटार, फ्लेमेन्को. त्याच्या आरंभी पुढाकार घेणाऱ्यांत व्यापारी होते, आणि उन्हाळ्यात पाहुणे यावेत हा त्यांचा सरळ हिशेब होता. १९२५ च्या जूनमध्ये भूकंपाने शहर उद्ध्वस्त केलं, तेव्हा पुनर्बांधणीही पांढऱ्या भिंती आणि लाल कौलं अशा स्पॅनिश धाटणीने झाली. उत्सवातल्या भूतकाळाला मग साजेशा इमारतीही मिळाल्या. स्पॅनिशांच्या आधीपासून तिथे राहणारे चुमाश आदिवासी मात्र या रंगीत चित्रात बराच काळ कडेलाच राहिले. व्यापाऱ्यांनी उत्सव मांडला, तिथे देखणा वारसा पुढे आला. सिंदखेडराजात नोकरदारांनी आणि कार्यकर्त्यांनी मांडला, इथे विचार पुढे आला.

विचार पुढे आला की वादही येतात. २००५ च्या १२ जानेवारीला याच गावी ‘शिवधर्म’ प्रकट करण्यात आला. वैदिक कर्मकांडाला नकार देणारा आणि जिजाऊंना केंद्रस्थानी ठेवणारा हा धर्मविचार काहींना मुक्तीचा वाटला, काहींना अनावश्यक. त्याच्या वर्षभर आधी, २००४ च्या जानेवारीत, जेम्स लेन यांच्या पुस्तकातल्या जिजाऊंविषयीच्या मजकुरावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि संभाजी ब्रिगेडचं नाव राज्यभर गाजलं. जी चळवळ दरवर्षी हजारो हातांत पुस्तक देते, तिचं नाव एका ग्रंथसंग्रहाच्या नासधुशीशी जोडलं जावं, हा विरोधाभास जन्मोत्सवाबद्दल लिहिताना गाळता येत नाही. गाळ्यांवरची गर्दी जितकी खरी, तितकाच तोही खरा.

पण सिंदखेडराजाच्या बाबतीत वादापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं ते चौकटीबाहेर राहिलेल्या गोष्टींकडे. राजवाडा आणि जिजाऊ सृष्टी यांच्या मधल्या रस्त्यावर उत्सवाचा लोंढा वाहतो, आणि गावातला उरलेला इतिहास बाजूला उभा राहतो. लखुजीराजांची भव्य घुमटाकार समाधी घ्या. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेत निजामशाहीच्या भर दरबारात लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगा देऊन हत्या झाली. जिजाऊंचं माहेर एका दिवसात उजाड झालं. शिवाजी महाराजांचा जन्म त्यानंतर अवघ्या सात महिन्यांत शिवनेरीवर झाला. ही समाधी पाहिल्याशिवाय जिजाऊंचा निर्धार कुठून आला हे पुरतं उमगत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात याच समाधीच्या आवारात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचं जतनाचं काम चालू होतं. जमिनीतून डोकावणारे दगड पाहून खोदत गेले, तर आधी एका जुन्या शिवमंदिराचा पाया लागला आणि त्याहून खाली शेषशायी विष्णूचं शिल्प. सुमारे पावणेदोन मीटर लांब आणि मीटरभर उंच. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी आणि कडेने समुद्रमंथनाचा पट. जाधवांच्याही कित्येक पिढ्या आधी हे गाव नांदतं होतं, याची ही साक्ष. नीलकंठेश्वराचं मंदिर तेच सांगतं.

मग पाण्याची कामं. मोती तलावाचा दगडी बांध एखाद्या गढीच्या तटासारखा उभा आहे. चांदणी तलावाच्या मधोमध बांधकाम आहे. सजना बारव आहे, मूर्तींनी सजलेली पुतळा बारव आहे. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात राज्य करायचं तर आधी पाणी अडवावं लागतं, हे जाधवांना पक्कं ठाऊक होतं. जानेवारीत हिरव्या हरभऱ्याच्या दिवसांत या तलावांचं मोल डोळ्यांत भरत नाही, ते एप्रिल-मेच्या उन्हात कळतं.

तालुक्यातल्याच साखरखेर्ड्याकडे तर उत्सवाला आलेल्यांपैकी फारच थोडे वळतात. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी तिथे निजाम-उल-मुल्कने दिल्लीच्या बाजूने लढणाऱ्या मुबारिझखानाला हरवलं. दिल्लीच्या नावाने चालणाऱ्या दख्खनच्या सुभ्यातून हैदराबादचं राज्य उभं राहिलं ते या लढाईतून. १७५७ मध्ये खुद्द सिंदखेडला वेढा पडला. निजामाच्या बाजूचे रामचंद्र जाधव आत आणि पेशव्यांची फौज बाहेर, असा तो प्रसंग. म्हणजे जिजाऊंच्या माहेरचेच वारस मराठी फौजेसमोर उभे होते. गौरवाच्या भाषणात हा पेच बसवणं अवघड, पण इतिहास इथे असाच घडला आहे.

आता समृद्धी महामार्गामुळे नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि शिर्डीकडून येणाऱ्याला सिंदखेडराजा काही तासांच्या अंतरावर आलं. विकास आराखड्यांच्या घोषणाही या व्यासपीठावर होत असतात. निधी येईल तेव्हा येईल. त्याआधी बिनखर्चाचं एक काम जन्मोत्सवालाच करता येण्यासारखं आहे. जे लाखभर पाय त्या दिवशी राजवाड्यावरून सृष्टीकडे जातात, त्यांची वाट समाधीवरून, बारवांवरून आणि मोती तलावावरून वळवायची. कार्यकर्त्यांची फौज आहे, वक्ते आहेत, वाचणारा श्रोताही तयार आहे. प्रत्येक ठिकाणी नीट माहिती सांगणारी दोन मुलं उभी केली, तरी पुष्कळ होईल. आणि गाळ्यांवर साखरखेर्ड्याच्या लढाईवर, इथल्या पाणीव्यवस्थेवर, विष्णूच्या त्या शिल्पावर एकेक पातळ पुस्तिका ठेवावी. खपेल की नाही, ही चिंता या गावात तरी करायचं कारण नाही.