‘मिथायलेटेड’ म्हणजे वाईट बातमी?

चामटोलीहून बदलापूर स्टेशन, तिथून लोकल, पुढे परळचं टाटा हॉस्पिटल. कॅन्सरपायी ही वाट धरावी लागते, तेव्हा हातातल्या रिपोर्टचा एकेक शब्द छातीत धडकी भरवतो. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीच्या रिपोर्टमधला ‘एमजीएमटी मिथायलेटेड’ हा असाच एक शब्द. खरं तर तो बहुधा दिलासा देणारा असतो. एमजीएमटी हे डीएनएची दुरुस्ती करणारं जनुक. मिथायलेशनमुळे ते बंद असलं, की टेमोझोलोमाइड या औषधाने केलेली मोडतोड गाठीतल्या पेशींना सहजी निस्तरता येत नाही आणि डीएनएची नक्कल करतानाच त्या कोलमडतात.

मिथायलेशन म्हणजे विष नव्हे, म्युटेशनही नव्हे. डीएनएमधल्या ‘सी’ या अक्षरावर बसलेली ती छोटी रासायनिक खूण आहे. अक्षर तेच राहतं; जनुक चालू ठेवायचं की बंद, यात या खुणेचा मोठा वाटा असतो. निरोगी पेशीतही अशा खुणा कोट्यवधी असतात.

‘कॅन्सरमध्ये मिथायलेशन वाढतं’ हे अर्धसत्य आहे. १९८३ साली फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांना गाठीतल्या पेशींत अनेक जनुकांवरच्या खुणा उलट कमी झालेल्या आढळल्या. वाढतात त्या मोजक्या जागी, पण तिथे कधी कधी गाठीला आवर घालणारी जनुकंच बंद पडतात.

सगळ्यात मोठा गैरसमज नकलेबद्दलचा: डीएनएसोबत या खुणांचीही आपोआप नक्कल होते, असा. पेशी विभागण्याआधी डीएनएच्या नव्या धाग्यावर अक्षरं उतरतात, खुणा उतरत नाहीत. डीएनएमटी-१ नावाचं एन्झाइम मागाहून येतं आणि जुन्या धाग्यावर पाहून नव्यावर खुणा बसवतं. डीएनएच्या ज्या भागांची नक्कल अगदी शेवटी होते, तिथे हे काम अपुरं राहतं. सतत विभागणाऱ्या पेशींत त्या भागांतल्या खुणा पिढीगणिक विरळ होत जातात.

अझॅसिटिडीन हे औषध याच क्षणी घाव घालतं. नक्कल होताना ते डीएनएत शिरतं आणि डीएनएमटी-१ला तिथेच अडकवतं. त्यामुळे खुणा पुसल्या जातात, पण विभाजनागणिक, हळूहळू. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजारात सहसा दर २८ दिवसांतले ७ दिवस हे इंजेक्शन देतात. सुरुवातीला रक्तपेशींचे काउंट आणखी घसरतात, आणि ‘औषध लागू पडत नाही’ असं वाटून माणसं खचतात. गुण येतोय की नाही हे ठरवायला २८ दिवसांच्या अशा साधारण सहा सायकल लागतात. तेव्हा पहिल्याच महिन्यात, डॉक्टरांशी न बोलता, उपचार सोडू नका.