वस्तऱ्याची उमेदवारी

बालरोगतज्ज्ञाचा वस्तऱ्याशी संबंध येतो तो बहुधा जावळाच्या निमित्ताने. मुहूर्त गाठून जावळ काढलेले बाळ दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात येते. डोक्यावर ओरखडे आणि त्यांच्या कडेने पुवाच्या बारीक पुळ्या. अशी किती डोकी मी पाहिली असतील याची गणती नाही. प्रत्येक वेळी आईवडिलांना, आणि विशेषेकरून आजीला, वस्तऱ्याविरुद्ध एक लहानसे व्याख्यान मी ऐकवीत आलो. असा मनुष्य वयाच्या बावन्नाव्या वर्षी वस्तऱ्याची उमेदवारी करू लागला, त्याची ही हकिकत.

माझ्या वडिलांनी, नानांनी, जन्मभर आपली दाढी उघड्या वस्तऱ्याने केली. बडोद्यात आमचे गुजराती शेजारी त्याला ‘अस्त्रो’ म्हणत, आणि लहानपणी मला तोच शब्द अधिक योग्य वाटे. जर्मनीतील झोलिंगेन गावची मोहोर असलेले दोन वस्तरे नानांपाशी होते. एक आज वापरायचा, दुसरा उद्या. पात्याला विश्रांती लागते, असा त्यांचा सिद्धांत. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू नेली. २०२१ च्या पावसाळ्यात एका सकाळी कानाखाली खोल कापले आणि टॉवेल रक्ताने भिजला. त्याच दिवशी मी दोन्ही वस्तरे कपाटात कुलूपबंद केले.

नानांनी वाद घातला नाही. फक्त दाढी करणे सोडले. विजेवर चालणारे यंत्र आणून दिले, ते खोक्यातच राहिले. घरी नाभिक बोलावतो म्हटले, तर नको म्हणाले. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणे हा त्यांचा एकमेव विरंगुळा होता, तोही थांबला. महिन्याभराने एकदा म्हणाले, “अरे, इतक्या पोरांच्या केसाएवढ्या शिरांत सुई घालतोस, आणि बापाच्या गालावरून वस्तरा फिरवता येत नाही?”

अडचण अशी होती की मला माझ्याच गालावरून तो फिरवता येत नव्हता. महाविद्यालयात असल्यापासून माझी त्वचा अतिसंवेदनशील. दाढीनंतर गळ्यावर लाल पुरळ आणि आग, ही नित्याची गोष्ट. आपल्यापैकी अनेकांची हीच तक्रार आहे, म्हणून तिचे कारण थोडक्यात सांगतो. दोन पात्यांचे रेझर १९७१ पासून बाजारात आले, पुढे तीन आणि पाच पाती झाली. पहिले पाते केस किंचित ओढून कापते, तो आत परतण्यापूर्वी पुढचे पाते त्याला आणखी कापते. केसाचे टोक मग त्वचेच्या पातळीखाली जाते आणि वाढताना, विशेषतः केस कुरळा असल्यास, आतच वळून कातडीत रुतते. वस्तऱ्याला एकच पाते. तो त्वचेच्या पातळीवर केस कापतो आणि एका जागेवरून एकदाच जातो. माझ्यासारख्याला तो मानवावा हे शास्त्राला धरून होते. भीती होती ती हाताची.

प्रथम धार. कित्येक महिने पडून असलेले पाते बोथट झाले होते. “सुऱ्या-कात्र्यांवाल्याकडे मुळीच देऊ नकोस, चाकावर पाते जळेल,” नानांनी बजावले. एका वृद्ध कारागिराने धोकटीतून दगड काढून दोन्ही वस्तरे लावून दिले. दगडावर धार पुढे चालते. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. पाते सपाट टेकवायचे, पट्टा ताणून धरायचा, टोकाशी पोहोचल्यावर पाठीवरच उलटायचे. रोज दाढीपूर्वी असे तीसेक फेरे. पहिल्याच दिवशी मी घाईने धारेवरून उलटवले. नाना पलीकडच्या खोलीत होते. “पट्टा कापलास,” त्यांनी तिथूनच सांगितले.

तेव्हा माझ्या लक्षात आले की न दिसणारा हा गुरू कानाने शिकवणार आहे. मी आरशापुढे उभा, ते खुर्चीवर मागे. गरम पाण्याचा टॉवेल तीन मिनिटे गालावर ठेवून, म्हणजे पाणी शोषून केस मऊ होतात, साबणाचा दाट फेस लावायचा. डाव्या हाताने कातडी ताणायची. पाते त्वचेशी सुमारे तीस अंशांत धरून, जराही न दाबता, केसांच्या कलानेच खाली आणायचे. कोन बरोबर असला की कोरा कागद फाडल्यासारखा बारीक, स्वच्छ आवाज येतो. पाते फार सपाट झाले तर ते केस ओढते आणि आवाज खरखरीत होतो. फार उभे झाले तर आवाजच थांबतो, आणि मग रक्त येते. “उभा केलास,” असे नाना म्हणत, तेव्हा लाल थेंब आरशात दिसायचा असे.

पहिला पंधरवडा मी केवळ गाल केले, बाकीचे जुन्या रेझरने. गळ्यावर केसांचा कल जागोजागी बदलतो, तो आधी बोटांनी चाचपून घ्यावा लागतो. उलट दिशेने मी आजवर पाते फिरवलेले नाही. दाढी किंचित खरखरीत राहते, राहो. पाते धारेच्या दिशेने आडवे मात्र कधीही सरकू देऊ नये, कारण तशी हालचाल म्हणजे छेदच. पुळी असेल तो भाग सोडायचा. शेवटी गार पाणी, आणि बिनवासाचे मलम. तुरटी माझ्या त्वचेला सोसत नाही, ती मी फक्त कापल्या जागी लावतो. दोन महिन्यांत गळ्यावरचे पुरळ जवळजवळ गेले. पट्टीही लागेनाशी झाली.

नानांवर वस्तरा धरण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या केल्या. रक्त पातळ करणारे कोणतेही औषध त्यांना चालू नाही. असते तर मी हा हट्ट पुरवला नसता. आणि वस्तरे वाटून घेतले. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, हे रुग्णांना सांगणाऱ्याने बापाबरोबरही एक पाते वापरू नये. “म्हणजे विश्रांती बंद,” नाना कुरकुरले, पण आपला त्यांनी मुठीवरून बोट फिरवून निवडला.

नव्वदीकडे झुकलेल्या गालाची कातडी कागदासारखी. ताणली तरी सुरकुती बोटाखालून निसटते. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. माझा श्वास ऐकून तेच म्हणाले, “सावकाश. मला कुठे जायचे आहे?” संध्याकाळी मात्र ते ओट्यावर जाऊन बसले.

आता एक दिवसाआड हा कार्यक्रम असतो. दाढी झाली की नाना दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून तपासतात. डाव्या जबड्याखाली त्यांना हमखास काहीतरी सापडते. “इथे राहिले,” ते म्हणतात. तिथे कातडी फार सैल आहे. मी ती जागा तशीच सोडतो.