झोपेची गोळी अशी उतरत नाही

“रात्री झोपेची गोळी घेतली होती ताई, सकाळी अंग जड होतं, म्हणून एनर्जी ड्रिंक मारलं. आता उतरली ना गोळी?” जव्हारमधल्या माझ्या मेडिकलवर हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. विचारणारा कधी प्रवासी जीप चालवणारा असतो, कधी रात्रपाळी करून गावी आलेला, तर कधी पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा वांगणीकडचा पोरगा. उत्तर सगळ्यांना एकच. नाही, उतरली नाही.

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर बसलं की झोप यायला लागते. कॅफीन त्याच जागा अडवतं. साठलेलं ॲडेनोसिन मेंदूत तसंच राहतं, फक्त थकवा जाणवत नाही. डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोलपिडेम ही औषधं मात्र वेगळ्याच ठिकाणी काम करतात. ती गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. कॅफीनने थोडी तरतरी येते, पण गोळी रक्तातून बाहेर पडत नाही. डोळे उघडे असतात, वळणावर समोरून आलेला ट्रक पाहून ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ मात्र लांबलेलाच राहू शकतो. मोखाड्याहून त्र्यंबककडे जाताना तोरंगणचा घाट लागतो. तिथे गाडी घालणाऱ्याला मी हे दोनदा सांगते.

दोन्हींच्या वेळाही जुळत नाहीत. घेतलेलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. झोलपिडेम दोन-तीन तासांत निम्मं होतं. डायझेपामला एक-दोन दिवस लागतात, आणि त्यातून शरीरात तयार होणारं द्रव्य त्याहून जास्त टिकतं. रोज रात्री डायझेपाम घेणाऱ्याच्या अंगात आदल्या रात्रींचीही शिल्लक असते. सकाळचं कॅफीन दुपारी ओसरतं, शिल्लक तशीच उरते.

उलटा प्रकार मला जास्त दिसतो. दुपारी चारला कोणी २०० मिलिग्रॅम कॅफीनची गोळी किंवा जिमची पूड घेतो. रात्री नऊला त्यातलं १०० मिलिग्रॅमच्या आसपास अंगात असतं, म्हणजे एनर्जी ड्रिंकच्या एका छोट्या डब्यापेक्षा जास्त. मग झोप येत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर तो फक्त झोपेचं सांगतो, पुडीचं सांगत नाही, आणि हाती गोळी पडते. दुसऱ्या सकाळी जडपणा आला की पुन्हा पूड. गोळी कमी पडतेय असं त्याला वाटू लागतं आणि तो मनानेच दीड घेतो. तिथून माणूस परत वळवणं फार अवघड जातं.

कॅफीन लपलेलंही असतं. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत ते ५० मिलिग्रॅम असतं, सर्दीच्या काही गोळ्यांतही असतं. आमच्याकडे दुधाची टंचाई, त्यामुळे घरोघरी कोरा चहा, तोही दिवसभर. हे कोणी ‘औषध’ म्हणून मोजत नाही.

वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२ साली, वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा. त्या भागातली माणसं आजही अंगाने हलकी आहेत, आणि इथे ते फार महत्त्वाचं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालेल असं म्हटलं, ते ७० किलोचा माणूस धरून, म्हणजे किलोमागे सुमारे ३ मिलिग्रॅम. ४५ किलोच्या पोराला हाच हिशेब लावला तर १३५. जिमच्या पुडीच्या एका चमच्यात कधीकधी ३०० मिलिग्रॅम असतं. छाती धडधडते, हात कापतात, आणि भीती वाटून तो झोपेचीच गोळी मागतो! गरोदरपणी कॅफीन शरीरातून फार हळू जातं, सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असतानाही तसंच. बिडी ओढणाऱ्याचं लवकर जातं, त्यामुळे बिडी सोडल्यावर नेहमीचाच चहा अंगावर येऊ शकतो.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम ही औषधं अनुसूची एच-१ मध्ये आहेत. २०१४ पासून त्यांच्या पाकिटावर लाल चौकटीतली सूचना असते, आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, त्यावरून लोक रागावतात. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून नशेसाठी विकली जाते ती हीच अल्प्राझोलाम. त्यामुळे मला त्या रागाचं काही वाटत नाही.

मोहाची दारू किंवा ताडी प्यायलेल्याने ही गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. कडक चहा पाजून श्वास सुधारत नाही. अशा माणसाला एका कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

हे ऐकून कोणी घाबरून गोळी एकदम बंद करतो, तेही धोक्याचं. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. डॉक्टर ती हळूहळू, थोडी थोडी कमी करतात. कमी करायची आधी कॅफीनची बाजू, त्यातही दुपारनंतरचं सगळं आधी. तेही रोज थोडं थोडं, नाहीतर डोकं ठणकतं आणि हात पुन्हा कॅफीनवाल्या डोकेदुखीच्या गोळीकडे जातो. डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, पुडीचा डबासुद्धा. झोप उडण्यामागे मनावरचा ताण असेल आणि गाडीभाड्याला पैसे नसतील, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मी तो गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने लिहून देते.